निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बापाची बंदूक सरकारची होते का?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. विचारणारा भाऊ केळापूर तालुक्यातला आहे, टिपेश्वर अभयारण्याला लागून गाव. घरी आजोबांपासूनची दोन नळीची बारा बोअर, परवाना वडिलांच्या नावावर. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली अन् बीट जमादाराचा निरोप आला की बंदूक जमा करा, वडिलांनी निमूट नेऊन दिली. निवडणूक झाली, निकाल लागला, डिसेंबरात दोनदा चकरा मारल्या तर "साहेब बंदोबस्ताला गेले, नंतर या". जानेवारीत वडील वारले. तेरवी आटोपून पोरगा ठाण्यात गेला तर ठाणेदार म्हणतात, लायसन बापासोबत मेलं, बंदूक आता सरकारजमा. अन् पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो की मामा, खासगी मालमत्ता सरकारला अशी घेताच येत नाही, अमेरिकेत असं केलं असतं तर कोर्टाने सरकारला सोललं असतं. तर खरं काय?

ठाणेदाराचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक आहे. भाच्याचं अर्धं बरोबर आहे, पण ते अर्धं भलत्या देशातलं आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात पंचवीसेक वर्षं वकिली करतोय, त्यातली बरीचशी वर्षं असल्याच बंदुकांच्या फायली घेऊन कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवण्यात गेली, अन् इतक्या वर्षांत एक गोष्ट मी प्रत्येक पक्षकाराला पहिल्या दिवशी सांगतो ती अशी की परवाना वेगळा अन् बंदूक वेगळी. परवाना सरकारने दिलेली परवानगी आहे, तो माणसाला चिकटलेला असतो, माणूस गेला की तो गेला, वारसाला आपोआप येत नाही. पण बंदूक ही वस्तू आहे, बैलजोडीसारखी, इंजिनासारखी, तुमच्या आजोबांनी पैसे मोजून घेतली, तिची मालकी वारसाहक्काने तुमच्याकडे येते. फक्त ती हातात ठेवायचा हक्क येत नाही. हा फरक ठाण्यात कोणी समजावून सांगत नाही अन् बरेचदा त्यांनाही माहीत नसतो.

भाच्याचं आधी निपटवतो, कारण असे व्हिडिओ बघून लोक ठाण्यात जाऊन भांडतात अन् उलटं सरकारी कामात अडथळ्याच्या, पूर्वीच्या ३५३ च्या, म्हणजे आताच्या नवीन कलमाच्या, केसमध्ये अडकतात. अमेरिकेत १७९१ पासून घटनेतच शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलाय. २००५ ला कॅटरिना वादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी लोकांच्या घरातून कायदेशीर बंदुकासुद्धा उचलल्या, त्यावर कोर्टबाजी झाली, अन् २००६ ला तिकडच्या संसदेने कायदाच केला की आपत्तीच्या नावाखाली असं करायचं नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, त्यानंतर सरकारने काही जातीच्या बंदुकांवर बंदी घालून साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका गोळा केल्या, पण पैसे देऊन, कारण त्यांच्या घटनेत मालमत्ता घ्यायची तर वाजवी मोबदला द्या असं आहे. आपल्याकडे हे दोन्ही नाही. शस्त्राचा मूलभूत हक्क नाही, अन् मालमत्तेचा होता तो पण ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला, २० जून १९७९ पासून.

गंमत म्हणजे हा हक्क घटनेत घाला असं घटना समितीत म्हणणारा माणूस आपल्याच सीपी अँड बेरारमधून, म्हणजे जुन्या मध्य प्रांत अन् वऱ्हाडातून, निवडून गेलेला होता, ह. वि. कामत. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात पण नियमाच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क होता, कारण इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यार कायद्याचा राग लोकांच्या मनात होता, त्यात गोऱ्याला सूट अन् आपल्याला लायसन. पण डिसेंबर १९४८ ला घटना समितीने कामतांची दुरुस्ती फेटाळली, विषय संपला. (मला विचाराल तर बरंच झालं, आमच्या कोर्टात धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाच्या ज्या केसेस येतात त्यात कुऱ्हाडीऐवजी प्रत्येकाच्या हातात बंदूक असती तर निम्मा तालुका स्मशानात अन् निम्मा जेलात दिसला असता.)

मग उरलं काय, तर घटनेचं कलम ३०० अ. ते म्हणते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा आता मूलभूत हक्क नाही पण घटनात्मक हक्क आहे, अन् २०२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने कोलकाता महापालिकेच्या जमिनीच्या एका प्रकरणात या एका ओळीचा चांगला पिसारा फुलवून सांगितला की यात नोटीस आली, ऐकून घेणं आलं, कारणासह ऑर्डर आली, मोबदला आला. ते जमिनीचं प्रकरण होतं हे खरं, पण अर्जात लिहायला हरकत नाही, मी लिहितो.

म्हणून सगळा खेळ एका प्रश्नावर येतो, साहेब, कोणत्या कलमाखाली घेतली? बंदूक ठाण्यात जायचे रस्ते वेगवेगळे आहेत, अन् ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने परत येते. चुकीच्या दारावर थाप मारली की वर्ष वाया.

हे मी अनुभवाने सांगतो, दुसऱ्याचं नाही, माझंच. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या पक्षकाराची बंदूक परवाना रद्द करून जमा करून घेतली होती. मी काय केलं, तर मुद्देमाल परत मिळायला जसा अर्ज करतात तसा फौजदारी कोर्टात टाकून दिला, तेव्हाचं ४५१ कलम. चार महिने तारखा झाल्या. शेवटी मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा खाली घेऊन विचारलं, "वकील साहेब, यात गुन्हा कोणता? एफआयआर नंबर सांगा." एफआयआर नव्हताच! गुन्ह्यात जप्तच नव्हती तर मुद्देमाल कसला. तोपर्यंत अपिलाचे तीस दिवस उलटून गेलेले. विलंब माफीचा अर्ज करून कसंबसं निभावलं, कायद्यात सबळ कारण दाखवून उशिरा अपील घ्यायची सोय आहे म्हणून वाचलो, पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटायची. तेव्हापासून आधी कागद, मग अर्ज.

तर हे रस्ते कोणते. तुमचा निवडणुकीचा, तो शेवटी घेतो. बाकीचे आधी, कारण तिथेच जास्त लोक फसतात.

एक म्हणजे कलम १७. शस्त्र अधिनियम १९५९ चं हे कलम कलेक्टरला, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्याला, परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार देते. पण मनात आलं म्हणून नाही. माणूस अपात्र ठरला, किंवा सार्वजनिक शांतता-सुरक्षेसाठी गरज पडली, किंवा माहिती लपवून परवाना घेतला, किंवा अटी मोडल्या, अशी कारणं कायद्यात मोजून दिली आहेत. कारण लेखी नोंदवावं लागते अन् मागितलं तर थोडक्यात लेखी द्यावं लागते, जनहिताला बाधा येते असं म्हणून नाकारलं तरच नाही. बऱ्याच वेळा काय होते, भावाभावात वाटणीवरून झगडा, एकाने ठाण्यात रिपोर्ट दिला, चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायचा बाँड लिहून घ्यायची कारवाई, झाली, अन् ठाण्यातून वर प्रस्ताव गेला की याच्यावर गुन्हा आहे, लायसन रद्द करा. आता नुसता गुन्हा दाखल आहे एवढ्यावर परवाना रद्द होत नाही, त्या माणसाच्या हातात बंदूक राहिल्याने शांततेला धोका कसा आहे ते दाखवावं लागते, अलाहाबाद हायकोर्टाने तर हे इतक्या वेळा सांगितलंय की तिकडचे वकील झोपेत पण म्हणत असतील. यूपीत बंदुका जास्त, म्हणून निकाल पण जास्त, आपण ते इकडे वापरतो. अपील आपल्या विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे यवतमाळवाल्याला अमरावती, चंद्रपूर-गडचिरोलीवाल्याला नागपूर. मुदत तीस दिवस. अन् अपील टाकलं म्हणजे ऑर्डर आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागते, हे विसरू नका. तिथे पण नाही जमलं तर नागपूर खंडपीठ आहे.

दुसरा रस्ता कलम २२, हा खरा दांडगा. मॅजिस्ट्रेटला वाटलं की अमक्याकडे शस्त्र आहे अन् त्याच्याकडे राहू दिलं तर शांततेला धोका आहे, तर तो झडती घेऊन जप्त करू शकतो, तुमचा परवाना एकदम कडक असला तरी. किती दिवस ठेवायची ते पण त्याच्या मनावर. पण आधी कारण लिहून ठेवावं लागते. ठाणेदाराला वाटलं म्हणून हे कलम लागत नाही. कोणी म्हटलं २२ खाली घेतली तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर दाखवा म्हणा, नसली तर बोलणंच खुंटते.

तिसरा, गुन्ह्यात जप्ती. इथे मात्र फौजदारी कोर्ट, पूर्वीचं ४५१-४५७, आता १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७ अन् ५०३. मुद्देमाल ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घेऊन मालकाला द्या असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलंय. गाडी, बैल, दागिने लवकर सुटतात. बंदूक सुटायला त्रास आहे, कारण ज्याला द्यायची त्याचा परवाना चालू पाहिजे. लग्नात हवेत बार काढणारे हौशी लोक याच खात्यात येतात. २०१९ पासून त्याला वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत नवरदेवाचा मामा बार काढते अन् मंग बंदुकीसाठी नवरदेवाचा बाप माझ्याकडे येते, असं मी दोनदा पाहिलंय.

चौथा आपल्या भागातला खास, वनविभाग. परवाना असला म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी आहे असं लय लोकांना वाटते. नाही बाप्पा. रानडुक्कर अन् रोही, म्हणजे नीलगाय, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोन मध्ये आहेत, पिकाचं नुकसान करत असतील तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते, मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी ज्याला अधिकार दिला त्या अधिकाऱ्याची. ती नसताना गोळी झाडली तर बंदूक जप्त, अन् त्या कायद्यात गुन्ह्यात वापरलेलं हत्यार सरकारची मालमत्ता होते असं कलम ३९ म्हणते. गाडीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००८ ला म्हटलं की गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी नुसत्या आरोपावर ती सरकारची होत नाही, अन् हा मुद्दा बंदुकीला पण लावायचा मी प्रयत्न करतो, पण खोटी आशा देत नाही, गाडीएवढं सोपं नाही ते. अन् परवानगीचा कंटाळा करून लोक कुंपणात करंट सोडतात ना, त्याहून मोठी आफत दुसरी नाही. डुक्कर राहते बाजूला, शेजारचा माणूस पहाटे संडासला जाताना मरते, मग बंदुकीची नाही, सदोष मनुष्यवधाची फाईल घेऊन या माझ्याकडे.

आता तुमचा रस्ता. आचारसंहिता.

हे नीट समजून घ्या. "निवडणूक आली, सगळ्यांनी बंदुका जमा करा" असा सरसकट नियम नाही. पूर्वी तसंच चालायचं, मग मुंबई हायकोर्टात प्रकरण गेलं अन् त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचना आल्या. जिल्ह्यात छाननी समिती बसते, कलेक्टर अन् एसपी, त्यांनी एकेका परवानाधारकाचं प्रकरण बघायचं. जामिनावर सुटलेला आहे का, गुन्हेगारी इतिहास आहे का, आधी दंग्यात, विशेषतः निवडणुकीच्या दंग्यात होता का. अशांनाच जमा करायला सांगायचं, नोटीस देऊन. जमा केली की पावती द्यायची, सुरक्षित ठेवायची, अन् निकाल लागून एक आठवडा उलटला की लगेच परत करायची. बँकेचे गार्ड, नेमबाजीचे खेळाडू यांना सूट. एवढं साफ आहे. पण खाली ठाण्यात काय होते तर यादी काढून सगळ्यांना फोन. कारण ठाणेदाराला भीती, चुकून कुठे बार झाला तर मान माझी. माणूस म्हणून मला ते समजते, पण कायदा तसा नाही.

आणखी एक गोंधळ, त्या काळात जमावबंदीसारखे आदेश निघतात, पूर्वीचं १४४ आता १६३, किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७. त्यात शस्त्र घेऊन फिरायला मनाई असते. फिरायला! घरातल्या पेटीत ठेवायला नाही. १६३ चा आदेश दोन महिन्यांवर चालत नाही, वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागते, अन् ३७ चा तर पंधरा-पंधरा दिवसांचा असतो. तो कागद दाखवून कोणी बंदूक जमा करा म्हणत असेल तर तो कागद त्या कामाचा नाही.

अन् शेतकऱ्याच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, आपल्या विदर्भाचं मतदान एप्रिलातच उरकलं, १९ अन् २६ ला, पण निकाल ४ जूनला. म्हणजे आपण मत देऊन मोकळे अन् बंदूक देशभराचं मतदान होईपर्यंत ठाण्यात. मग विधानसभा, १५ ऑक्टोबरला घोषणा, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. हा काळ कोणता? कपाशी वेचणीला आलेली, तूर फुलावर, शेंगा धरायला लागलेल्या, हरभरा जमिनीतून वर डोकं काढतोय. रात्री मचाणावर जागलीला बसलेला माणूस बंदुकीचा बार जनावरावर नाही काढत, हवेत पण काढू नये, पण हातात काही आहे याचा त्याला आधार असते, अन् टिपेश्वरच्या बाजूला तर नुसती डुकरं नाहीत, वाघ फिरते. पीक संरक्षणासाठी म्हणून कायद्यानेच ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायची सोय केली, अन् नेमकं पीक उभं असताना ती बंदूक मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या जमा-जप्त वस्तूंच्या खोलीत. छाननी समितीने हे बघायला पाहिजे, अर्ज केला तर बघतात पण, मी चार-सहा जणांची अशी सूट मिळवून दिली आहे. पण अर्ज आचारसंहिता लागल्याबरोबर करावा लागते, बंदूक देऊन आल्यावर नाही.

तुमच्या प्रकरणात निकाल २३ नोव्हेंबर, म्हणजे ३० नोव्हेंबरला वडिलांच्या हातात बंदूक परत पडायला पाहिजे होती. वडील तेव्हा जिवंत होते, परवाना चालू होता. डिसेंबरभर जी बंदूक ठाण्यात राहिली ती कोणत्याच कलमाखाली नव्हती. हा मुद्दा लिहून ठेवा, उद्या ठाणं जेव्हा म्हणेल की तुम्हीच उशीर केला, तेव्हा हाच कामी येईल. दोन चकरा मारल्याचं काही लेखी आहे का? नसेलच. असो, सोबत कोणी गेलं होतं का ते आठवा.

वडील गेल्यावर चित्र बदलते, अन् इथे कलम २१ येते. ज्याच्याकडे बंदूक ठेवणं बेकायदेशीर झालं, परवाना संपून, रद्द होऊन किंवा मालक मरून, त्याने ती विनाकारण उशीर न करता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. तुमची आधीच ठाण्यात आहे, एका अर्थाने सुटलात. कारण ज्यांच्या घरी बाप वारल्यावर बंदूक तशीच भिंतीला टांगलेली असते ना, त्यांच्या डोक्यावर बिनापरवाना शस्त्राचा गुन्हा लटकत असते अन् त्यांना पत्ताच नसते. "बाबाची आठवण आहे" म्हणतात. आठवण ठेवा, पण बंदूक जमा करून पावती ठेवा. हे वाचणाऱ्यात असं कोणी असेल तर याच आठवड्यात करा.

आता कलम २१ मध्येच तुमचं उत्तर आहे, ठाणेदाराला हेच दाखवायचं. जमा करणारा, अन् तो मेला असेल तर त्याचा कायदेशीर वारस, ठरलेल्या मुदतीत ती बंदूक परत घेऊ शकते जर त्याला परवाना मिळाला तर, किंवा ज्याच्याकडे परवाना आहे त्याला विकू शकते अन् पैसे स्वतः घेऊ शकते. यापैकी काहीच केलं नाही तरच सरकारजमा. ते पण ठाणेदार करत नाही, जिल्हा दंडाधिकारी ऑर्डरने करतो. ते पण आधी जमा करणाऱ्याला किंवा वारसाला लेखी नोटीस देऊन, की नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत कारण दाखवा की ही वस्तू सरकारजमा का करू नये. तुम्हाला अशी नोटीस आली का? नाही ना. मग "सरकारजमा झाली" हे वाक्य हवेतलं आहे. सरकारजमा झाल्यावर सुद्धा सरकार मनात आणलं तर वस्तू किंवा तिच्या विक्रीचे पैसे वारसाला परत देऊ शकते अशी सोय त्याच कलमात आहे, पण तिथपर्यंत जाऊच देऊ नका.

करायचं काय. आधी ठाण्यात तोंडी नाही, लेखी अर्ज. बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, जमा केल्याची तारीख, वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडून लिहा की मी वारस आहे, ही वस्तू आम्हा वारसांच्या नावे सुरक्षित ठेवा, मालखाना रजिस्टरच्या नोंदीची नक्कल द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का अन् सही घ्या. ठाण्यात घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच सांभाळा. एक प्रत कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत. पावती हरवली असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून जमा यादी अन् छाननी समितीचा तुमच्या वडिलांबद्दलचा निर्णय मागा. गमतीची गोष्ट अशी की बऱ्याच वेळा तसा निर्णयच नसते, अन् "उपलब्ध नाही" हा एका ओळीचा जवाब दहा पानाच्या युक्तिवादापेक्षा भारी पडते.

मग वारसाचा परवाना. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी वेगळा नियम आहे, मालक वारल्यावर तर मिळतोच, पण मालक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली तर जिवंतपणी सुद्धा वारसाच्या नावे करता येते. हे ज्यांचे वडील म्हातारे आहेत त्यांनी वाचून ठेवा, तुमच्या वडिलांनी पाच वर्षं आधी हे केलं असतं तर आज ही चर्चाच नव्हती. तुम्हाला एकवीस वर्षं पूर्ण पाहिजेत, मृत्यूचा दाखला, जुनं लायसन, बाकीच्या वारसांची हरकत नाही अशी प्रतिज्ञापत्रं, अन् इथे बहिणींना विसरू नका, त्या पण वारस आहेत, आईची सही तर लागतेच. बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागते, पोलीस रिपोर्ट लागतो. नंबर राष्ट्रीय डेटाबेसमध्ये चढलेला आहे का ते जुन्या लायसनवर बघा, तो युनिक नंबर नसला तर जुनं लायसनच अवैध म्हणून खोडा घालतात.

अन् तुमच्या गावाला एक जास्तीचा खोडा आहे. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ म्हणते की अभयारण्यात किंवा दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नोंद करायची, अन् त्या दहा किलोमीटरात नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी सहमती लागते. टिपेश्वर, ताडोबा, बोर, मेळघाट, नागझिरा, सगळीकडे हेच. फाईल तिकडे गेली की सहा महिने विसरा. माझं म्हणणं असं असते की वारसाचा परवाना हा नवीन बंदूक वाढवत नाही, जुनीच बंदूक जुन्याच घरात राहते, म्हणून त्याला नवीन म्हणू नका, पण कलेक्टर ऑफिस ते ऐकेलच असं नाही, म्हणून सहमतीचा अर्ज आपणच वेगळा टाकून ठेवलेला बरा. वडिलांनी वनखात्याकडे जुनी नोंद केली असेल तर तो कागद शोधा, आजोबांच्या पेटीत, देवघराच्या मागे, कुठे पण.

घरात आणखी कोणाच्या नावे बंदुका असतील तर हिशोब बघा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, सरकारने तर आधी एकच ठेवा असं विधेयक आणलं होतं. वारसाहक्काच्या बंदुकीला पण ही मर्यादा आहे. तिसरीचा मोबदला कोणाला मिळाला नाही, वर्षभरात जमा करा किंवा विका एवढंच. भाच्याला सांगा, ऑस्ट्रेलिया अन् आपल्यात फरक तो हा.

परवाना नाही मिळाला किंवा तुम्हालाच झंझट नको असेल तर विकून टाका, विक्रेत्यामार्फत किंवा थेट परवानाधारकाला, कलेक्टर ऑफिसला कळवून. जुन्या बारा बोअरला पैसे फार येत नाहीत, ते मनात धरूनच चला.

राहिला प्रश्न बंदूक कोणत्या हालतीत मिळेल याचा. मालखाना म्हणजे पावसाळ्यात गळते, उन्हाळ्यात तापते, वाळवी तर घरचीच. मी एका पक्षकाराची बंदूक सोडवून आणली तेव्हा दस्ता फुटलेला, नळीत गंज इतका की बोटाला लाल पूड लागली, अन् पावतीवर नुसतं "बंदूक १ नग" लिहिलेलं, मग कोणत्या तोंडाने म्हणणार की चांगली दिली होती? म्हणून देतानाच फोटो, नंबर, हालत पावतीवर लिहून घ्या. सरकारच्या ताब्यात वस्तू खराब झाली किंवा हरवली तर सरकार जबाबदार नाही असं नाही. १९६७ ला गुजरातच्या जप्त गाड्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार त्या वस्तूचं राखणदार असते, परत करता नाही आली तर किंमत द्या, १९७७ ला म्हैसूरच्या केसमध्ये ठाण्यातून गेलेल्या दागिन्यांची किंमत द्यायला लावली, १९९४ ला आंध्रच्या केसमध्ये जप्त करून खराब झालेल्या खत-धान्याची. दावा दिवाणी कोर्टात, आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. पण पाच-दहा हजाराच्या बंदुकीसाठी हे करायचं का ते तुम्ही ठरवा, मी फी घेणारा माणूस असून सांगतो की बहुतेक वेळा परवडत नाही.

भरमारवाल्यांचं, म्हणजे गावठी ठासणीच्या बंदूकवाल्यांचं, एका वाक्यात, गडचिरोली भागात गावकऱ्यांनी बिनापरवाना भरमार बंदुका पोलिसांकडे आणून दिल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तो वेगळा विषय आहे, तिथे परवानाच नसते म्हणून वरचं काही लागू नाही, अशी घरात असेल तर एकट्याने पोत्यात घालून ठाण्यात नेऊ नका, पोलीस पाटील किंवा वकील सोबत घ्या.

तुम्ही उद्या ठाण्यात जाल तेव्हा ठाणेदाराशी वाद घालू नका, त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, बदलून आलेला माणूस असेल तर त्याला तुमची बंदूक कोणत्या कोपऱ्यात आहे ते पण माहीत नसेल. मालखाना सांभाळणाऱ्या मोहररला गाठा, अर्जाच्या दोन प्रती, वडिलांचं जुनं लायसन झेरॉक्स, मृत्यूचा दाखला. रजिस्टर उघडलं की आधी एकच गोष्ट बघा, बंदुकीचा नंबर तुमच्याच बंदुकीचा लिहिला आहे का. माझ्या एका पक्षकाराच्या नंबरात आठाचा तीन झाला होता, दीड वर्ष गेलं त्यात.